मुलगा घरीच राहिला: जर्मनीतल्या टागेसग्रुपेची आमची दोन वर्षं

गेल्या जुलैत आमच्या मुलाची टागेसग्रुपे, म्हणजे शाळेनंतरचा दिवसाचा मदतगट, संपली. आता तो पाचवीत आहे, शाळेत पूर्ण वेळ बसतो आणि संध्याकाळी घरी असतो. दोन वर्षांपूर्वी यातली एकही गोष्ट आम्ही गृहीत धरू शकत नव्हतो.

हे लिहून ठेवते आहे, कारण तेव्हा मला या विषयावर मराठीत काहीच सापडलं नव्हतं. युगेंडआम्ट, म्हणजे इथलं बाल आणि युवक कल्याण कार्यालय, हा शब्द शोधला की फक्त मुलं काढून घेतल्याच्या बातम्या समोर यायच्या. याच कार्यालयाच्या खर्चाने एक अशी दिवसाची सोय चालते, जिचा हेतूच मूल आईवडिलांकडे राहावं हा आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही दक्षिण जर्मनीतल्या एका छोट्या गावात राहतो. गावाचं नाव लिहीत नाही, मुलाचंही नाही. घरात त्याला दादा म्हणतात, इथेही तेच लिहिते.

टागेसग्रुपे म्हणजे काय ते आधी सांगते. शाळा सुटली की मूल तिथे जातं, जेवतं, गृहपाठ करतं, छोट्या गटात खेळतं, भांडतं, भांडण मिटवायला शिकतं आणि संध्याकाळी घरी येतं. रात्र घरीच. सोबत आईवडिलांशीही नियमित काम चालतं, आणि ते ऐच्छिक नसतं. समाजकायद्याच्या आठव्या भागात, ज्याला इथे सगळे एसजीबी आठ म्हणतात, कलम ३२ मध्ये हे दिलं आहे. गटातून शिकणं, शाळेच्या अभ्यासाला साथ आणि पालकांबरोबरचं काम यांतून मुलाचं कुटुंबात राहणं टिकवायचं, असं तिथे सरळ म्हटलं आहे. हा कायदा पश्चिम जर्मनीच्या भागात १ जानेवारी १९९१ पासून आहे. म्हणजे नवीन काही नाही, आपल्यापर्यंत पोचलेलं नाही इतकंच.

सुरुवात २०२२ च्या शरद ऋतूत झाली. दादा दुसरीत होता. सकाळी साडेनऊच्या सुमाराला शाळेतून फोन यायचा, "त्याला घेऊन जा." कधी त्याने खुर्ची ढकललेली असायची, कधी कुणाला चावलेलं असायचं, कधी तो वर्गातून उठून थेट मैदानाच्या फाटकापाशी गेलेला असायचा. नोव्हेंबरात शाळेने त्याचे तास कमी केले. आठला सोडायचं आणि सव्वादहाला आणायचं. मी एका वाहनांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत चाचणी विभागात काम करते. सव्वादहाला घरी असण्यासारखं ते काम नाही. जानेवारीत शाळेनंतरच्या पाळणाघराचं, इथल्या केर्नझाइटचं, पत्र आलं की इतर मुलांच्या सुरक्षिततेसाठी त्याची जागा रद्द करत आहोत. मी कामाचे तास निम्मे केले. नवरा रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप घेऊन बसायला लागला.

घरी काय चाललं होतं ते एका गोष्टीवरून कळेल. धाकटी तेव्हा तीन वर्षांची होती. दादा यायची वेळ झाली की ती आपली खेळणी एकेक करून सोफ्यामागे नेऊन ठेवायची. तिला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं.

आधी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी विकास तपासणी केंद्राची चिठ्ठी दिली, इथे त्याला एसपीझेड म्हणतात. वेळ मिळाली जूनची! डॉक्टरांच्या मदतनीस बाई म्हणाल्या, नाव लावून ठेवा आणि रद्द झालेल्या वेळांसाठी दर सोमवारी फोन करा. हा सल्ला सोन्याचा होता. आमची वेळ एप्रिलवर आली आणि तपासण्या होऊन उन्हाळ्याच्या तोंडावर एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याच्या स्थितीचं) निदान हातात पडलं.

दरम्यान आम्ही पालक-सल्ला केंद्रात जायला लागलो, एर्त्सीउंग्सबेराटुंगमध्ये. हे केंद्र फुकट असतं, अर्ज लागत नाही, युगेंडआम्टची मंजुरी लागत नाही, तिथलं बोलणं गोपनीय राहतं. तुमच्या घरात नुकतंच काही बिघडायला लागलं असेल तर पहिला फोन इथे करा. तिथल्या समुपदेशक बाईंनी फेब्रुवारीत टागेसग्रुपेचं नाव काढलं. मग म्हणाल्या, त्यासाठी युगेंडआम्टकडे जावं लागेल. आम्ही दोघं गप्प झालो.

ती भीती खोटी नव्हती. सप्टेंबर २०२१ मध्ये बर्लिनमधल्या एका भारतीय जोडप्याची सात महिन्यांची मुलगी युगेंडआम्टने ताब्यात घेतली, हे इथल्या प्रत्येक भारतीय घरात ठाऊक आहे. आमचं प्रकरण सुरू असतानाच, जून २०२३ मध्ये, तिथल्या न्यायालयाने आईवडिलांच्या विरोधात निकाल दिला आणि भारतातल्या वेगवेगळ्या पक्षांच्या खासदारांनी जर्मन राजदूतांना पत्र लिहिलं. त्या प्रकरणात खरं काय ते मी सांगू शकत नाही, तो माझा अधिकार नाही. पण आमच्या मराठी ओळखीतल्या एका ताईंनी मला फोन करून सांगितलं, "वेडी आहेस का? स्वतःहून जाऊन नाव देतेस?" आठवडाभर झोप लागली नाही.

शेवटी मी कायदा वाचायला बसले. मूल तातडीने ताब्यात घेणं कलम ४२ मध्ये येतं. त्यासाठी मुलाला तातडीचा धोका असावा लागतो, किंवा मुलाने स्वतः आसरा मागितलेला असावा लागतो. आईवडिलांनी विरोध केला तर विषय कौटुंबिक न्यायालयात जातो. आम्ही मागत होतो ती मदत कलम २७ पासून सुरू होते आणि तिचा हक्क पालकांचा आहे. अर्ज आपण करायचा, सही आपली, नको वाटली तर थांबवायचीही आपणच. कलम ६ प्रमाणे कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी कुटुंबांनाही ती मिळते. व्हिसावर परिणाम होईल का, हा प्रश्न मी ईमेलने विचारला आणि "नाही" हे उत्तर छापून फाइलमध्ये ठेवलं. तुम्हीही लेखीच विचारा.

मार्च २०२३ मध्ये फोन केला. कर्मचारी रस्त्याच्या नावावरून ठरलेला असतो, म्हणून पहिला प्रश्न पत्त्याचा येतो, त्याने दचकू नका. मी एकच वाक्य पाठ केलं होतं: आम्हाला हिल्फे त्सुअर एर्त्सीउंगबद्दल, म्हणजे कलम २७ मधल्या मूल वाढवण्यातल्या मदतीबद्दल, सल्ला हवा आहे. हे शब्द वापरले की फोन बरोबर जागी जातो. "मुलगा फार त्रास देतो" इतकंच म्हटलं असतं तर पुन्हा सल्ला केंद्राकडे पाठवलं असतं, असं नंतर युगेंडआम्टच्या बाईंनीच सांगितलं.

भेट दोन-अडीच आठवड्यांनी मिळाली. नवऱ्याचं जर्मन जेमतेम, म्हणून दुभाषा मागितला. फोनवरच मागितला होता म्हणून मिळाला, आणि पैसे कार्यालयाने दिले. आपल्या बाजूचं एक माणूस सोबत न्यायचीही मुभा असते. इथे त्याला बाइश्टांड म्हणतात. आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका आल्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त वहीत लिहीत होत्या. घरी आल्यावर आमच्या दोघांच्या आठवणीत तीन ठिकाणी फरक निघाला आणि तिन्ही ठिकाणी त्यांची वही उपयोगी पडली.

तुम्ही मुलावर हात उचलता का, हा प्रश्न युगेंडआम्टच्या बाईंनी थेट विचारला. तो विचारणारच. २००० सालापासून जर्मन नागरी कायद्यात मुलांना मारझोडीशिवाय वाढण्याचा हक्क आहे आणि चापटीचाही त्यात अपवाद नाही. आम्ही जसं होतं तसं सांगितलं: घरात आवाज चढतात, दारं आपटतात, आम्ही दमलो आहोत, आणि मार द्यायची वेळ येऊ नये म्हणूनच इथे आलो आहोत. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे वेळेवर आलात." त्या दिवशी पहिल्यांदा मला खुर्चीत नीट टेकून बसता आलं.

एप्रिलच्या शेवटी गृहभेट झाली. याविषयी मंडळींमध्ये फार गोष्टी फिरतात, म्हणून सांगते. फ्रिज उघडला नाही. देवघराकडे पाहून विचारलं, तेही कुतूहलाने. दादाला म्हणाल्या, तुझी जागा दाखव. त्याने पलंगाखालची लेगोची पेटी दाखवली. मग मला विचारलं, तुम्ही आजारी पडलात तर मुलांकडे कोण बघतं? आमच्याकडे उत्तर नव्हतं. तेच त्यांनी लिहून घेतलं. आजी नाही, काका नाही, वाडा नाही, शेजार नवा. आपल्या लोकांसाठी ही नोंद महत्त्वाची असते, कारण मदतीची गरज मुलाच्या स्वभावापुरती पाहत नाहीत, घराला आधार किती हेही पाहतात.

मग कागद. दोघांच्या सह्यांचा अर्ज, पासपोर्ट आणि वास्तव्य परवान्याच्या प्रती, दादाचा पुण्याचा जन्मदाखला आणि त्याचं शपथबद्ध भाषांतर (व्हिसाच्या वेळी केलेलं चाललं), शाळेचे शेरे, तास कमी केल्याचं पत्र, केर्नझाइटचं पत्र, एसपीझेडचा अहवाल. शिवाय डॉक्टर, शाळा आणि सल्ला केंद्र यांना गोपनीयतेतून मोकळं करणारी पत्रं. ही पत्रं सरसकट करू नका. प्रत्येकात कोणी, कोणाशी, कशाबद्दल आणि कधीपर्यंत बोलायचं ते लिहा. आम्हाला आधी छापील "सर्व संबंधितांना" असा नमुना दिला होता. मी बदलून मागितला, तर कुरकुर न करता बदलून दिला.

मे महिन्यात आमच्या बाई दुसऱ्या विभागात गेल्या आणि नवीन बाई आल्या. सगळी कहाणी पहिल्यापासून! फाइल होती, पण तिच्यात टिपणं त्रोटक. त्या रात्री मी दोन पानांचा घटनाक्रम लिहिला: तारीख, काय झालं, कोणाला कळवलं, काय ठरलं. पुढच्या दोन वर्षांत तो कागद मी इतक्या लोकांना दिला की त्याची घडी फाटून गेली. तुमच्या घरात असं काही सुरू असेल तर तो कागद आजच लिहायला घ्या.

निर्णय एकटा कर्मचारी घेत नाही. लांब चालणाऱ्या मदतीसाठी अनेक तज्ज्ञांनी मिळून ठरवायचं असतं. आमची बैठक जूनमध्ये झाली, आम्ही त्यात नव्हतो. दोन आठवडे काहीच कळलं नाही. मग फोन आला: टागेसग्रुपे योग्य वाटते, दोन ठिकाणी जागा होण्यासारखी आहे, बघून या.

इथे पालकांना निवडीचा हक्क आहे, कलम ५ मध्ये, अवाजवी जादा खर्च होत नसेल तोवर. हे आपणहून कुणी फारसं सांगत नाही. एक गट शाळेच्या आवारातच होता, सोयीचा. दुसरा पुढच्या गावात, जुन्या घरात, मागे सफरचंदाची झाडं. आम्ही दुसरा निवडला. झाडांसाठी नाही. तिथे पालकांच्या भेटी संध्याकाळी सहानंतर होत होत्या, पहिल्या ठिकाणी दुपारी दोनला. दुपारी दोनला दादाचा बाबा कधीच आला नसता, आणि मग सगळं पुन्हा माझ्यावर आलं असतं. गट बघायला जाल तेव्हा खेळणी बघून झाली की पालकांच्या भेटीची वेळ विचारा.

मंजुरीचं पत्र, बेशाइड, जुलैच्या शेवटी आलं. खर्चाचं नीट सांगते, कारण याबद्दल गैरसमज खूप आहेत. गटाचा खर्च जिल्हा देतो आणि तो बराच असतो. पालकांकडून मिळकतीप्रमाणे वाटा घेतात. तो आई आणि बाबा यांचा वेगवेगळा काढतात. आधार मागच्या वर्षाच्या निव्वळ मिळकतीचा, त्यातून साधारणपणे पंचवीस टक्के सरसकट वजा, आणि कर्ज किंवा प्रवासखर्च त्याहून जास्त असेल तर कागद दाखवून तोही मांडता येतो. मिळकत कमी असेल तर काहीच द्यावं लागत नाही. आम्हाला आलेली रक्कम पूर्वी केर्नझाइट आणि दुपारच्या जेवणाला देत होतो जवळपास तेवढीच होती. आम्ही गाडीचं कर्ज आणि कामावर जायच्या किलोमीटरचा तक्ता जोडला म्हणून थोडी उतरली. किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, तेव्हा दर मुलामागे २५० युरो, चालूच राहिलं. मूल पूर्ण वेळ संस्थेत असेल तर नियम निराळा आहे, दिवसाच्या सोयीत त्याला हात लावत नाहीत. पत्र आलं की आक्षेपासाठी साधारण एक महिना असतो, म्हणून लिफाफ्यावर मिळाल्याची तारीख लगेच टाका.

सप्टेंबर २०२३, तिसरीचा पहिला आठवडा. शाळेच्या फाटकाशी गटाची गाडी यायची आणि संध्याकाळी साडेपाचला आम्ही आणायला जायचो. गटात मुलं नऊ, मोठी माणसं तीन, शिवाय शिकाऊ एक. आल्यावर प्रत्येकजण एका पाटीवर आपल्या नावाचं लाकडी चिमटं लावतो: हिरवं, पिवळं की लाल. लाल लावलेल्या मुलाला कुणी काही विचारत नाही, आधी जेवायला वाढतात. जेवण एका लांब टेबलावर, सगळे बसल्याशिवाय सुरू होत नाही. मग गृहपाठ, वाळूचं घड्याळ उलटं करून. वाळू संपली की उठायचं, गणित अर्धं राहिलं तरी. उरलेलं का उरलं ते शिक्षिकेच्या वहीत गटातली माणसं लिहायची. आमच्या घरातली रोजची लढाई तिथल्या तिथे संपली.

पण पहिले दोन महिने घरी जास्तच बिघडलं. दिवसभर तो सावरून धरायचा आणि गाडीत बसला की ओरडायला लागायचा. गटाच्या प्रमुखांनी आधीच बजावलं होतं की असं होईल, आणि तो त्याचा तुमच्यावरचा विश्वास समजा. ते पटायला वेळ लागला. एका संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, नको हे, बंद करू. त्या म्हणाल्या, नाताळपर्यंत थांबा, मग तुम्ही म्हणाल तसं. आम्ही थांबलो.

सांगलीहून सासूबाई फोनवर विचारायच्या, "पोराला होस्टेलवर टाकलंत का गं?" मी सांगायचे, नाही आई, रोज रात्री आमटी-भात इथेच खातो. त्यांना समजावताना मी आपल्याकडच्या बालसंगोपन योजनेचं उदाहरण दिलं. त्यांच्या गल्लीतल्या एका मुलीला, वडील गेल्यावर, ती मिळते. महिन्याला २,२५० रुपये, पूर्वी १,१०० होते. मूल संस्थेत न जाता आपल्या माणसांत वाढावं हाच तिचा हेतू. त्यावर त्या लगेच म्हणाल्या, "मग तसंच म्हण की, भिऊन काय बोलतेस."

आता पालकांबरोबरच्या कामाबद्दल, कारण खरा फरक तिथे पडला असं मला वाटतं. दर पंधरा दिवसांनी एक तास. सुरुवातीला नुसती चर्चा व्हायची. जानेवारी २०२४ मध्ये गटातल्या एका ताईंनी विचारलं, घरी येऊन पाच मिनिटं व्हिडिओ घेऊ का, मार्टे मेओ पद्धतीचा? तुमचं काय चुकतं ते शोधायला नाही, काय जमतं ते शोधायला. आम्ही हो म्हटलं. त्यांनी दादा घरी येतानाची वेळ निवडली.

पुढच्या भेटीत त्यांनी तो तुकडा दाखवला. दार उघडतं, दादा आत येतो. मी स्वयंपाकघरातून म्हणते, "बूट काढ, दप्तर जागेवर ठेव, हात धू आणि डबा दे." एका दमात. पडद्यावर तो बूट काढायला वाकतो, थांबतो, मान वर करून माझ्या दिशेला बघतो. मी कणीक मळते आहे, माझी पाठ. तो पुन्हा बुटाकडे बघतो, मग दप्तराकडे, मग दप्तर भिरकावून देतो. ताईंनी चित्र मान वर करण्यावर थांबवलं आणि विचारलं, "इथे तो काय शोधतोय?" मराठी त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. त्याने वर बघितलेला तो क्षण मात्र त्यांना दिसला होता.

मग त्यांनी दुसरा तुकडा लावला, त्याच संध्याकाळचा. दादाचा बाबा जमिनीवर बसून त्याच्याबरोबर लेगोची पेटी उघडतो आहे, आणि प्रत्येक तुकडा उचलला की नुसतं म्हणतो, "हा लांब... हा निळा." दादा बारा-तेरा मिनिटं एका जागी बसला होता. नवऱ्याने ते तीन वेळा मागे नेऊन पाहिलं. त्याला स्वतःला हे जमतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवसानंतर तो एकही भेट चुकला नाही.

घरी आम्ही एवढंच बदललं: जवळ जायचं, नाव घ्यायचं, तो बघेपर्यंत थांबायचं, मग एक गोष्ट सांगायची. आणि मराठीतच सांगायची. शाळेतून पूर्वी सुचवलं होतं की घरीही जर्मन बोला, म्हणजे गोंधळ कमी होईल. गटातल्या ताईंचं मत उलट होतं: रागात आणि लाडात ज्या भाषेत सहज बोलता तीच ठेवा.

दर सहा महिन्यांनी हिल्फेप्लानची, म्हणजे मदतीच्या आराखड्याची, बैठक. युगेंडआम्टच्या बाई, गटाच्या प्रमुख, बहुतेक वेळा वर्गशिक्षिका, आम्ही दोघं, आणि उत्तरार्धात दादा. उद्दिष्टं लिहिली जातात आणि पुढच्या बैठकीत तपासली जातात. "सामाजिक वर्तनात सुधारणा" असलं काही लिहायला लागले तर थांबवा. आम्ही पहिल्या बैठकीत लिहून घेतलं: दादा चौथ्या तासापर्यंत शाळेत राहतो. दुसऱ्या बैठकीत दादाने स्वतः भर घातली, की मला कुणाच्या तरी वाढदिवसाला बोलावणं आलं पाहिजे. बाईंनी ते त्याच्याच शब्दांत लिहिलं. मसुदा घरी मागून घ्या, दुरुस्त्या लेखी पाठवा, आणि वाचल्याशिवाय सही करू नका. कार्यालयाशी मतभेद विकोपाला गेले तर स्वतंत्र ओम्बुड्सस्टेले, म्हणजे तक्रार ऐकून सल्ला देणाऱ्या जागा, असतात, २०२१ च्या दुरुस्तीने त्या राज्यांवर बंधनकारक झाल्या आहेत. आम्हाला गरज पडली नाही, पण नंबर फाइलच्या पहिल्या पानावर होता.

२०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत शाळेचे तास हळूहळू पूर्ण झाले. वाढदिवसाचं बोलावणं मे महिन्यात आलं, गटातल्याच एका मुलाचं. धाकटीची खेळणी सोफ्यामागून कधी बाहेर आली ते माझ्या लक्षातही आलं नाही.

नोव्हेंबरात मोठा धक्का बसला. ज्या ताईंशी दादाचं सगळ्यात जमायचं त्या नोकरी सोडून गेल्या. तीन आठवडे पुन्हा साडेनऊचे फोन. यावेळी फरक इतकाच की शाळेने आम्हाला बोलावण्याआधी गटाला फोन केला आणि गटातलं माणूस शाळेत जाऊन त्याच्यासोबत मैदानात फेऱ्या मारत बसलं. त्यांनी ताईंना निरोपासाठी एकदा परतही बोलावलं. अशा जागी माणसं बदलतात, पगार आणि कामाचा ताण पाहता बदलणारच. बदलाआधी मुलाला किती दिवस आधी सांगणार, हे आता मी सुरुवातीलाच विचारून घेतलं असतं.

सुट्ट्यांबद्दल एक गोष्ट. गट सुट्ट्यांमध्येही काही आठवडे चालतो, सहलीला नेतात, पण ऑगस्टमध्ये पूर्ण बंद असतो. वर्षाचा तक्ता जानेवारीतच मागा आणि रजा त्याप्रमाणे लावा. आमची भारतवारी त्याच आठवड्यांत बसवली. मोठी गैरहजेरी आधी लेखी कळवावी लागते.

२०२५ च्या वसंतात बैठकीत ठरलं की पाच दिवसांवरून तीन दिवसांवर यायचं. मला भीती वाटत होती, दादाला नाही. मोकळ्या दोन दुपारी तो गावातल्या हॅन्डबॉलच्या सरावाला जायला लागला. जुलैत निरोपाला आम्ही सगळ्यांसाठी थालीपिठं केली. भाजणी नव्हती, ज्वारीच्या आणि राय या इथल्या धान्याच्या पिठाची. दादाने ओल्या बोटांनी थापून मधे भोकं कशी पाडायची ते बाकीच्या मुलांना दाखवलं, आणि एकाने फार मोठं भोक पाडलं तेव्हा न चिडता बाजूने पीठ सारून दिलं.

आता पाचवीत शाळेच्या समाजसेविका आठवड्यातून एकदा त्याच्याशी बोलतात. औषध सुरू करायचं की नाही यावर एसपीझेडमध्ये विचार चालू आहे, आम्ही घाई केलेली नाही. पालक-सल्ला केंद्रात आम्ही दोघं महिन्यातून एकदा जातो, तिथे पुन्हा नाव घालायला अर्ज लागला नाही. युगेंडआम्टची फाइल बंद झाल्याचं पत्र सप्टेंबरात आलं. खर्चाचा शेवटचा हिशेब त्यानंतर आला, तीन दिवसांच्या महिन्यांसाठी थोडी रक्कम जास्त कापली गेली होती. हजेरीच्या पत्रकाची प्रत जोडून कळवलं आणि ती परत मिळाली. म्हणून ती पत्रकं शेवटपर्यंत जपून ठेवा.